वाटाण्याचा अंकूर : दादासाहेब फाळके यांचें अल्पचरित्र

वाटाण्याचा दाणा मातींत पेरला म्हणजे त्यास कोंब फुटतो, पानें येतात, आणि वेल आधार शोधीत वर चढूं लागतो, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो कोंब वाढत असतांना आपण स्वतः पाहिला आहे असें आपणांपैकीं कोण म्हणूं शकेल? सकाळीं पाहावें तर तो स्तब्ध, सायंकाळीं पाहावें तरीहि स्तब्ध. आणि आठ दिवसांनीं पाहावें तर वीतभर उंच झालेला! वाढ होत असते खरी, पण ती आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं. ही न दिसणारी वाढ एका मिनिटांत लोकांच्या डोळ्यांसमोर घडवून दाखविण्याचा प्रयोग १९१२ सालीं मुंबईंत एका महाराष्ट्रीय गृहस्थांनीं केला. त्या वेळीं त्यांच्याजवळ पैसा नव्हता, नोकरी नव्हती, आणि दृष्टीहि नुकतीच कशीबशी वांचली होती. हे गृहस्थ म्हणजे भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके होत. त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचें नांव बहुतेकांनीं ऐकलेलें असतें. परंतु त्याच्या अगोदरच्या त्या वाटाण्याच्या कुंडीची हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं. विद्यार्थ्यांनीं मनांत साठवावें असें पुष्कळ कांहीं तिच्यांत आहे, म्हणून तिच्या अनुरोधानें हें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर या क्षेत्रीं झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृत विद्येंत निष्णात होते. पुढें मुंबईंतील विल्सन कॉलेज या मिशनच्या विद्यालयांत त्यांस संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली, आणि त्यामुळें फाळके कुटुंब मुंबईस राहावयास आलें. शास्त्र्यांच्या घरांतील मुलानें पोथी हातांत धरावी अशी त्या काळची रीत. परंतु या मुलाचा हात पोथीपेक्षां कुंचल्याकडे अधिक धांवे. वडिलांनीं त्याच्या या ओढीस आड येण्याचें मनांत आणलें नाहीं. १८८५ सालीं धुंडिराज मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले, व तेथून बडोद्यास जाऊन त्यांनीं कलाभवनांत अभ्यास केला. चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण, छपाईसाठीं ठसे तयार करणें, अशा एकाहून एक निराळ्या विद्या त्यांनीं तेथें हस्तगत केल्या. जादूचे खेळहि ते शिकले. इतक्या गोष्टींत मन घालणाऱ्या मुलाचें पुढें काय होणार, अशी काळजी पुष्कळ आईबापांस वाटते. परंतु यांतील एकहि विद्या दादासाहेबांच्या आयुष्यांत वायां गेली नाहीं, हें पुढें दिसून येईल.

शिक्षण संपल्यावर त्यांनीं गुजराथेंत गोध्रा येथें छायाचित्रांचा धंदा मांडला. तेथें त्यांच्यावर मोठें संकट कोसळलें. १९०० सालच्या प्लेगांत त्यांची पत्नी व मूल हीं दोन्हीं मृत्यु पावलीं. ते खिन्न मनानें बडोद्यास परतले व तेथें पुन्हां तोच धंदा करूं लागले. परंतु छायाचित्र काढल्यानें माणसाच्या अंगांतील शक्ति यंत्रांत ओढली जाते व त्याचें आयुष्य घटतें, अशी खुळी समजूत लोकांत पसरली होती. तिच्यापुढें धंद्याचें कांहीं चाललें नाहीं. १९०२ सालीं त्यांनीं दुसरा विवाह केला. या पत्नीचें नांव सरस्वतीबाई. या बाईंचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढील कथेंत त्यांचा वांटा मोठा आहे. १९०३ सालीं दादासाहेबांस सरकारच्या पुराणवस्तु-संशोधन खात्यांत नकाशे व छायाचित्रें काढण्याची नोकरी मिळाली. परंतु स्वतंत्र धंद्याची हौस त्यांस स्वस्थ बसूं देईना. नोकरी सोडून त्यांनीं लोणावळ्यास छापखाना काढला. रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं १९०९ सालीं ते जर्मनीस जाऊन आले. छापखान्याचा जम बसला, पण भागीदारांशीं मतभेद झाले, आणि एवढें उभें केलेलें काम सोडून देऊन ते रिकाम्या हातानें बाहेर पडले. त्या वेळीं त्यांचें वय चाळीस वर्षांचें होतें; पदरीं मुलें होतीं, आणि उद्यांची सोय कांहींच नव्हती.

अशा मनःस्थितींत असतां १९११ च्या सुमारास गिरगांवांत एका तंबूंत चाललेला चलच्चित्रांचा खेळ त्यांनीं पाहिला. त्यांत येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट होता. प्रभूचा जन्म, त्याचीं सत्कृत्यें, त्याचा क्रूसावरील मृत्यु, हे प्रसंग पडद्यावर एकामागून एक सरकत होते, आणि फाळके यांचे डोळे जरी त्यांवर खिळले होते, तरी मन दुसरीकडेच गेलें होतें. ज्याप्रमाणें ख्रिस्ताचें चरित्र आपण येथें बसून पाहत आहों, त्याप्रमाणें श्रीकृष्णाचें व श्रीरामाचें चरित्र आपल्या लोकांस आपल्याच माणसांनीं कां दाखवूं नये, या एका विचारानें त्यांस पछाडलें. परक्या देशांतील भक्तिभावानें बनविलेल्या एका चित्रानें एका हिंदी कलावंताच्या मनांत हें बीज टाकलें, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे.

परंतु चलच्चित्र कसें बनवितात हें शिकविणारी शाळा हिंदुस्थानांत कोठें होती? तेव्हां दादासाहेब स्वतःच आपले गुरु झाले. मिळतील तीं पुस्तकें व यंत्रांच्या किंमतींचीं पत्रकें त्यांनीं गोळा केलीं. एक लहानसें यंत्र व फिल्मचे तुकडे आणून घरींच रात्रीं प्रयोग मांडले. दिवसां मिळेल तो चित्रपट पाहावा, रात्रीं यंत्रापुढें बसावें, झोंप जेमतेम तीन-चार तास. असा क्रम कित्येक महिने चालला. त्याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. डोळ्यांवर अतिशय ताण पडून त्यांस दिसेनासें झालें. ज्यास जगाला चित्रें दाखवावयाचीं, त्याच्याच दृष्टीवर पडदा पडला! सुदैवानें डॉ. प्रभाकर नांवाच्या वैद्यांच्या उपचारांनीं दृष्टि परत आली. तरी पुढें कांहीं काळ निरनिराळ्या कामांस निरनिराळे चष्मे लावून त्यांस वावरावें लागे. हा प्रसंग सांगण्याचा हेतु असा कीं, उद्योग चांगला असला तरी शरीराचा असा छळ करणें बरें नव्हे, हेंहि विद्यार्थ्यांनीं त्यांच्या चरित्रांतून शिकावें.

डोळे उघडतांच त्यांनीं आयुष्याच्या विम्याचीं पत्रें गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले, आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजीं ते लंडनकडे निघाले. तेथें ओळख ना देख. चित्रपटांविषयींच्या ‘बायस्कोप’ या साप्ताहिकाच्या कचेरींत जाऊन त्यांनीं संपादकांची गांठ घेतली. या संपादकांनीं प्रथम त्यांस या धंद्यांत न पडण्याचा सल्ला दिला. पण त्यांची तळमळ पाहून पुढें मदतहि केली. त्यांच्या ओळखीनें सेसिल हेपवर्थ या प्रसिद्ध चित्रपटकारांच्या वॉल्टन येथील कलागृहांत फाळके यांस सर्व कामें प्रत्यक्ष पाहावयास मिळालीं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मच्या कडांस भोकें पाडण्याचें यंत्र, आणि कोडॅकची कोरी फिल्म यांची मागणी नोंदवून ते १ एप्रिल १९१२ रोजीं परत आले. म्हणजे अवघ्या दोन महिन्यांत प्रवास, शिक्षण व खरेदी हीं तिन्ही कामें त्यांनीं उरकलीं.

यंत्रें आलीं, जोडून झालीं, शेजारच्या मुलांचीं हलतीं चित्रें घेऊन त्यांची परीक्षाहि झाली. पण जवळचा पैसा संपला होता, आणि मोठा चित्रपट काढावयाचा तर पुष्कळ भांडवल हवें होतें. सावकारानें तरी पैसे कशावर द्यावे? चलच्चित्रें हीं परदेशांतील साहेबांनींच करावीं, हें आपल्याकडील माणसाचें काम नव्हे, असाच बहुतेकांचा समज होता. वाद घालून असा समज जात नाहीं. तो घालविण्यासाठीं कांहींतरी करून दाखवावें लागतें. नट, पोशाख, देखावे यांस तर पैसा नाहीं. तेव्हां ज्यास पैसा लागत नाहीं असा नट दादासाहेबांनीं शोधून काढला. तो नट म्हणजे वाटाणा! एका कुंडींत त्यांनीं वाटाणे पेरले, तिच्यासमोर कॅमेरा रोंवला, आणि कामास सुरुवात केली.

या कामाची युक्ति समजण्यास चलच्चित्र म्हणजे काय हें थोडें समजून घेतलें पाहिजे. पडद्यावर आपणांस जें हलतांना दिसतें तें वस्तुतः हलत नसतें. फिल्मवर एकापुढें एक अशीं स्थिर छायाचित्रें असतात. मूकपटांच्या काळीं साधारणतः सेकंदास १६ चित्रें घेत व तितक्याच वेगानें दाखवीत. एका चित्रापुढें दुसरें इतक्या त्वरेनें येतें कीं, आपल्या दृष्टीस मधला खंड कळत नाहीं, आणि मनुष्य चालतो, घोडा धांवतो असें वाटतें. आतां अशी कल्पना करा कीं, चित्रें दाखविण्याचा वेग तोच ठेवला, पण घेण्याचा वेग मात्र फारच मंद केला. सेकंदास सोळा चित्रें न घेतां एक चित्र घेतल्यावर पुष्कळ वेळ थांबून मग दुसरें घेतलें. म्हणजे घेतांना जो काळ तासांनीं व दिवसांनीं मोजला, तोच दाखवितांना क्षणांत सरतो. महिन्याची वाढ मिनिटांत मावते. काळाची जणूं घडी घालून तो खिशांत ठेवावा, तशी ही करामत आहे.

फाळके यांनीं रोज एक चित्र याप्रमाणें महिनाभर चित्रें घेतलीं, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. आपल्या विद्यार्थ्यांनीं येथें अंकगणिताचा उपयोग करून पाहावा. महिन्याचीं ३० चित्रें सेकंदास १६ या वेगानें दाखविलीं तर खेळ दोन सेकंदांच्या आंतच आटोपेल. परंतु हा चित्रपट मिनिटाहून किंचित् मोठा होता. एका मिनिटास १६ गुणिले ६०, म्हणजे ९६० चित्रें लागतात. तीं ३० दिवसांत वांटलीं तर रोजचीं ३२ होतात. म्हणजे दिवसांतून एकदां कळ फिरवून हें काम झालेलें नसून, त्या कुंडीपुढें दादासाहेबांच्या दिवसाकांठीं कितीतरी फेऱ्या झाल्या असल्या पाहिजेत. प्रत्येक वेळीं कॅमेरा जागचा हलतां कामा नये. कुंडी केंसभरहि सरकतां कामा नये. प्रकाश शक्य तितका सारखा हवा, नाहींतर पडद्यावर चित्र लुकलुकूं लागतें. रोपास पाणी तर घातलेंच पाहिजे, पण धक्का लागतां उपयोगी नाहीं. आणि यांत एके दिवशीं चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशीं सुधारतां येत नाहीं, कारण रोप तोंवर वाढून गेलेलें असतें. पुन्हां पहिल्या दाण्यापासून आरंभ!

अशा रीतीनें वनस्पतींची वाढ टिपणारे दादासाहेब हे जगांतील पहिलेच गृहस्थ होते असें मात्र नव्हे. जर्मनींतील वनस्पतिशास्त्रज्ञ प्फेफर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच असे प्रयोग केले होते, आणि इंग्लंडांत पर्सी स्मिथ यांनीं १९१० सालीं फुलें उमलण्याचा चित्रपट काढला होता. परंतु त्यांच्या पाठीशीं विद्यापीठें किंवा कंपन्या होत्या. इकडे घरांतलीच प्रयोगशाळा, आणि मदतनीस म्हणजे घरचीं माणसें. कोरी फिल्म कडांस भोकें नसलेली अशी येत असे; तीं भोकें अंधाऱ्या खोलींत हाताच्या अंदाजानें पाडावीं लागत. हें काम सरस्वतीबाई शिकल्या. चित्रें घेतलेली फिल्म रसायनांत धुण्याचें कामहि त्या करूं लागल्या. घरचें सर्व आटोपल्यावर रात्रीं त्या या कामास बसत. घरांतील चीजवस्तु व दागिने यांचीहि या उद्योगांत आहुति पडली. परंतु त्यांनीं कुरकुर केली नाहीं.

शेवटीं फिल्म तयार झाली. तिचें नांव त्यांनीं ‘अंकुराची वाढ’ असें ठेविलें व निवडक मंडळींस घरीं बोलावून ती दाखविली. पडद्यावर माती दिसली; ती हळूच फुगली; तींतून कोंबानें डोकें वर काढलें; पानें उलगडलीं; तंतु इकडेतिकडे चांचपडत आधार शोधूं लागले; आणि पाहतां पाहतां वेल उभा राहिला. जें रोज सर्वांच्या परसांत घडतें पण कोणासच दिसत नाहीं, तें त्यांनीं दाखविलें होतें. पाहणारांची खात्री पटली. यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहरे आदि गृहस्थ कर्ज देण्यास पुढें आले. वाटाण्याच्या वेलानें भांडवल उभें केलें!

यापुढील इतिहास सुप्रसिद्ध आहे. दादर येथें त्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट घेण्यास आरंभ केला. तारामतीचें काम करण्यास एकहि स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके यांस लुगडें नेसवून तारामती केलें. हरिश्चंद्राचें काम दत्तात्रय दामोदर दाबके यांनीं केलें, आणि रोहिदासाचें काम दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र यानें केलें. कंपनीच्या सर्व मंडळींचें जेवण सरस्वतीबाई रांधीत, आणि भर उन्हांत प्रकाश परतविण्यासाठीं पांढरी चादर धरून त्याच उभ्या राहत. सहा महिने सत्तावीस दिवसांत ३,७०० फूट लांबीचा चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजीं निमंत्रितांस व ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन थिएटरांत सर्व लोकांस तो दाखविण्यांत आला. भारतांतील कथाचित्रपटांचा इतिहास सामान्यतः याच दिवसापासून मोजतात.

त्यानंतर ते नाशिकास गेले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’ असे चित्रपट एकामागून एक निघाले. १९१४ सालीं ते पुन्हां लंडनला गेले, तेव्हां त्यांचें कसब पाहून तेथील लोकांनीं त्यांस आपल्याकडे राहण्याविषयीं सुचविलें. परंतु आपली कला आपल्याच देशांत रुजली पाहिजे म्हणून ते परत आले. १९१९ च्या ‘कालियामर्दन’ चित्रपटांत त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. कुंडीपुढें शिकलेली युक्तिहि ते विसरले नाहींत. एक चित्र घ्यावें, वस्तु किंचित् हलवावी, पुन्हां एक चित्र घ्यावें, अशा रीतीनें त्यांनीं आगपेटींतील काड्या आपोआप नाचतांना दाखविल्या. त्या लहानशा चित्रपटाचें नांव ‘आगकाड्यांची मौज’. रोपानें स्वतः वाढावें व आपण वाट पाहावी ही पहिली रीत. काडी आपण सरकवावी व ती स्वतः चालते असें भासवावें ही दुसरी. दोहोंच्या मुळाशीं स्थिर चित्रांची माळ व अपार चिकाटी हींच होतीं.

उत्तर आयुष्यांत मात्र दैव त्यांस अनुकूल राहिलें नाहीं. १९१८ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनींत भागीदारांशीं त्यांचें पटेना; ते कांहीं काळ काशीस जाऊन राहिले व पुढें परत आले. १९३१ सालीं बोलपट आले आणि मूकपटांचा जमाना सरला. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकुलता एक बोलपट. ज्या धंद्यांत पुढें लोकांनीं लाखों रुपये मिळविले, त्याचा पाया घालणारा हा पुरुष १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें जवळजवळ विस्मृत अवस्थेंत वारला. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नांवें चित्रपटक्षेत्रांतील मोठा पुरस्कार देत आलें आहे. सन्मान झाला, पण तो पाहावयास ते नव्हते. पेरणारानेंच फळ खावें असा सृष्टीचा नियम नाहीं, एवढेंच यावर म्हणतां येईल.

विद्यार्थिमित्रहो, दादासाहेबांस जें करावयास विम्याचीं पत्रें गहाण टाकण्याची पाळी आली, तें आज आपणांस घरबसल्या करतां येतें. पुष्कळ घरांत आतां छायाचित्रें घेणारा मोबाईल असतो. सुटींत एका कुंडींत चार वाटाणे पेरा. मोबाईल एका जागीं पक्का बसवा. दिव्याचा प्रकाश रात्रंदिवस सारखा ठेवा. मात्र रोपास उजेडाची गरज असते हें विसरूं नका. तासास एक याप्रमाणें ३० दिवसांत ७२० चित्रें होतील. तीं सेकंदास २४ या वेगानें दाखविलीं तर अर्ध्या मिनिटाचा चित्रपट होईल. एखादें चित्र हुकलें तर वेल मध्येंच उडी मारतांना दिसेल, आणि आपल्या आळसाची नोंद कायमची राहील. पालकांसहि एक विनंति आहे. मुलगा कुंडीपुढें बसून काय वेळ घालवितो, असें एकदम म्हणूं नये. दाजीशास्त्र्यांनींहि तसें म्हटलें नाहीं.

आपली स्वतःची वाढहि त्या वाटाण्यासारखीच आहे. आज अभ्यास केला म्हणून उद्यां कोणी विद्वान झालेला दिसत नाहीं. कोंब आज होता तेथेंच आहे असें वाटतें, आणि पुष्कळ मुलें येथेंच धीर सोडतात. परंतु रोजचें एकेक चित्र न चुकतां घेतलें असेल, तर शेवटीं माळ फिरवितांना वेल उभा राहिलेला दिसल्यावांचून राहत नाहीं. ज्यांनीं अंधुक झालेल्या डोळ्यांनीं एका रोपाकडे महिनाभर न कंटाळतां पाहिलें, त्या दादासाहेब फाळके यांच्या चरित्राचें सार आम्हांस हेंच वाटतें.